प्रकल्प नोंदी: ५० × ५० ट्रॅपमधून ३० × ३० ची पूर्ण भरलेली ॲरे

१२ जानेवारी २०२६

नवीन काम सुरू. न्यूट्रल ॲटमवाल्या क्वांटम कॉम्प्युटरमध्ये लेझरचे बारीक फोकस केलेले ट्रॅप असतात, एकेका ट्रॅपमध्ये एकेक अणू, रुबिडियम किंवा सिझियम किंवा इट्टर्बियम वगैरे. अडचण ही की ट्रॅप भरणं आपल्या हातात नसतं. थंड अणूंच्या ढगातून अणू ट्रॅपमध्ये पडतात, मग प्रकाश टाकला की एकाच ट्रॅपमधले दोन अणू एकमेकांवर आपटून जोडीनं बाहेर जातात, म्हणजे शेवटी उरतो एक नाहीतर शून्य आणि शक्यता साधारण अर्धी अर्धी. ती ८०-९० टक्क्यांपर्यंत नेण्याच्या युक्त्या आहेत, पण मी अर्धीच धरून चाललोय, वाईटात वाईट केस जमली की बाकीच्या जमतातच.

मग फोटो काढायचा, कुठे अणू आहे कुठे नाही ते बघायचं, आणि हलत्या ट्वीझरनं (सरकवता येणारा लेझरचा ट्रॅप) उचलून उचलून मधला भाग गच्च भरायचा. २०१६ मध्ये पॅरिसजवळच्या ग्रुपनं दोन मितींत आणि हार्वर्डच्या ग्रुपनं एका ओळीत हे करून दाखवलं, साधारण ५० अणू. आता आकडे हजारांत गेलेत आणि एकेक उचलून ठेवणं परवडत नाही, म्हणून समांतर अल्गोरिदम. माझं काम सिम्युलेटर लिहायचं आणि प्लॅनर, म्हणजे कुठला अणू कुठे न्यायचा ते ठरवणारा कोड, लिहायचा, हार्डवेअर मित्राच्या हातात आहे.

ठरवलेले आकडे: ५० × ५० ट्रॅप, अंतर ५ मायक्रोमीटर. एकूण २५०० ट्रॅप म्हणजे सरासरी १२५० अणू, वरखाली २५. हवेत ९००, मधल्या ३० × ३० मध्ये. एकूण अणू कमी पडायचा प्रश्नच नाही, प्रश्न फक्त ते चुकीच्या जागी आहेत हा.

१५ जानेवारी

बेसलाइन म्हणून हंगेरियन मेथड लावली. कुठला अणू कुठल्या रिकाम्या जागी जाईल याची जोडी लावते आणि एकूण अंतर कमीत कमी ठेवते. पाठ्यपुस्तकातली १९५५ ची गोष्ट, आकार वाढला की वेळ घनाच्या पटीत वाढतो, पण या साइजला तेवढंही वाईट नाही.

माझं म्हणणं वेगळंच आहे. एकूण अंतर कमी करून मिळतं काय? अणूला झटका न देता न्यायचं तर जर्क, म्हणजे प्रवेग किती भराभर बदलतो ते, मर्यादित ठेवावा लागतो, आणि जर्क ठरलेला असेल तर लागणारा वेळ अंतराच्या घनमुळाच्या पटीत वाढतो. म्हणजे आठपट लांब जायला फक्त दुप्पट वेळ. शिवाय उचलायला नि ठेवायला वेगळा वेळ लागतो, ट्रॅपची खोली हळूहळू वाढवायची आणि हळूहळू कमी करायची, त्याला अंतराशी काही देणंघेणं नाही. तर अंतर वाचवणं ही दुय्यम गोष्ट, पहिली गोष्ट म्हणजे किती वेळा उचललं आणि किती बॅच (एकाच वेळी हलवलेले गट) लागल्या.

मधल्या ९०० जागांपैकी निम्म्या, म्हणजे ४५० आधीच भरलेल्या असतात. उरलेल्या ४५० भरायच्या, म्हणजे एकेक करत ४५० मूव्ह, एक मूव्ह १ मिलिसेकंद धरली तर ०.४५ सेकंद. हा आकडा पुढे लागेल.

२० जानेवारी

आज सगळा दिवस एओडी (अकूस्टो-ऑप्टिक डिफ्लेक्टर, ट्वीझर हलवणारं उपकरण) समजून घेण्यात गेला. क्रिस्टलमध्ये आवाजाची लाट सोडायची, तिच्यावरून लेझर वळतो, किती वळेल ते लाटेच्या फ्रिक्वेन्सीवर. एक एओडी आडवा, एक उभा. आडव्यात दहा फ्रिक्वेन्सी सोडल्या तर दहा ट्वीझर एका ओळीत मिळतात आणि प्रत्येक टोन, म्हणजे एकेक फ्रिक्वेन्सी, वेगवेगळा सरकवता येतो. इथेच समांतरपणा आहे आणि इथेच गोम पण आहे.

गोम अशी की आडवे टोन आणि उभे टोन यांचा गुणाकार होतो. मला ओळ १ मधला कॉलम २ आणि ओळ ३ मधला कॉलम ५ असे दोनच अणू हवेत, तरी ट्वीझर चार लागतात, ओळ १ कॉलम ५ आणि ओळ ३ कॉलम २ इथेही. हे भुताचे ट्वीझर. तिथे एखादा अणू निवांत बसलेला असेल तर तोही उचलला जातो. जागा रिकामी असेल तर उचलताना त्रास नाही, पण तो रिकामा ट्वीझर पुढे जाऊन भरलेल्या जागेवर उतरला की परत गडबड. दुसरा नियम म्हणजे दोन टोन एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, ओलांडले तर त्या क्षणी दोन्ही ट्वीझर एका जागी आणि अणू गरम होऊन गायब. थोडक्यात डावीकडचा डावीकडेच राहणार.

हवं ते २डी पॅटर्न कमीत कमी चौकोनी गटांत तोडणं हा प्रश्न एनपी-हार्ड आहे (आकार वाढला की झटपट सोडवायची पद्धत माहीत नाही), शून्य-एकच्या मॅट्रिक्सचे तुकडे पाडण्यासारखाच. त्याच्या वाटेला जायचं नाही. एका वेळी एकच ओळ घेतली, म्हणजे उभ्या एओडीत एकच टोन, की भुतं संपतात. ५० टोन आडवे चालतील, उभा एकच. या साध्या नियमावरच सगळं बांधतोय.

२३ जानेवारी

दोन फेऱ्यांची पद्धत लिहून चालवली. फक्त कॉलमच्या आत दाबून बसवता येईल का हे आधी बघितलं, नाही येत. ५० जागांच्या कॉलममध्ये सरासरी २५ अणू, वरखाली साडेतीन, आणि हवेत ३०. दहातल्या एखाद्याच कॉलमला ते जमतं. म्हणून आधी ओळी: प्रत्येक ओळीतले २५ च्या आसपास अणू मधल्या ३० कॉलममध्ये आणायचे, पाच जागा रिकाम्या राहतात, त्या कुठल्या ठेवायच्या हे प्रत्येक ओळीला फिरवत राहायचं. ५० ओळी झाल्या की प्रत्येक कॉलममध्ये ४१-४२ अणू होतात, मग कॉलम दाबायचा, ३० भरून वर शिल्लक. एखाद्या ओळीत तीसपेक्षा जास्त निघाले तर कडेचे तसेच सोडून द्यायचे.

५० आडव्या बॅच आणि ३० उभ्या, एकूण ८०. सगळ्यात लांबची मूव्ह १२५ मायक्रोमीटर, मायक्रोसेकंदाला ०.१ मायक्रोमीटर या सरासरी वेगानं सव्वा मिलिसेकंद, उचल-ठेव मिळून ०.४, म्हणजे १.६५ मिलिसेकंद. ८० बॅच झाल्या १३२ मिलिसेकंदांत. ४५० वरून १३२, छान.

आणि यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे ओळींची फेरी स्ट्रीमिंगमध्ये होते. पुढची ओळ ठरवायला फक्त त्या ओळीचे अणू आणि आत्तापर्यंत कुठल्या कॉलमला किती मिळाले याचे ३० काउंटर लागतात, बास. कॅमेरा ओळीओळीनं डेटा देत असेल तर फोटो पूर्ण यायच्या आत अर्धा प्लॅन तयार.

२४ जानेवारी

सगळे विचारतात जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) वापरणार का. प्लॅनिंगला नाही. एक ओळ म्हणजे ५० बिट, ६४ बिटच्या एका शब्दात मावते, अख्खी ॲरे ४०० बाइट. एखाद्या अणूच्या डावीकडे किती जागा रिकाम्या आहेत हे एका पॉपकाउंटमध्ये (शब्दातले बिट मोजणारी प्रोसेसरची एक आज्ञा) कळतं. जीपीयूला काम सांगण्यातच काही मायक्रोसेकंद जातात तेवढ्यात सीपीयूचं आटोपलेलं असतं.

३० जानेवारी

मध्ये एक मोहात पाडणारी पद्धत वाचनात आली म्हणून करून बघितली. ओळ डावीकडे दाबायची तर प्रत्येक अणूला त्याच्या डावीकडच्या रिकाम्या जागांइतकं सरकायचं असतं. ते अंतर बायनरीत लिहायचं आणि बिटवार सरकवायचं, आधी ज्यांचा एकचा बिट चालू ते सगळे एक घर, मग दोनचा बिट चालू ते दोन घरं, मग चार, आठ. कितीही लांब ओळ असो, लॉगच्या हिशोबात पावलं. लहान बिटापासून सुरू केलं तर कुठेही टक्कर होत नाही, आणि हे सिद्ध करायला सोपं आहे: अंतरं डावीकडून उजवीकडे वाढतच जातात, शेवटचे काही बिट खोडले तरी उरलेला भाग वाढताच राहतो, म्हणून क्रम मोडत नाही. मोठ्या बिटापासून सुरू केलं की मोडतं. एकाला ३ घरं जायचंय, शेजारच्याला ४, चारचा बिट आधी चालवला तर शेजारी उडी मारून याच्या डोक्यावर किंवा पलीकडे.

सुंदर आहे, पण आपल्याला नको. एक अणू चार-पाच वेळांपर्यंत उचलला जातो. कागदावर लॉग दिसला की माणूस खूश होतो, पण प्रत्येक उचलीला अणू थोडा तापतो किंवा निसटतो, आणि त्याचा हिशोब त्या लॉगमध्ये नसतो.

४ फेब्रुवारी

हा हिशोब आता नीट मांडतो, कारण मागच्या वाक्यानं माझ्याच दोन फेऱ्यांवर पण शंका आली.

नुकसान दोन प्रकारचं. एक, व्हॅक्युममध्ये उरलेला एखादा भटका रेणू येऊन अणूला धडकतो, ते वेळेच्या प्रमाणात. ट्रॅपमधलं आयुष्य ६० सेकंद धरलं तर ९०० अणूंपैकी दर सेकंदाला १५ जाणार. दोन, उचल-ठेव करताना जाणारे, ते उचलींच्या प्रमाणात. दर उचलीला १ टक्का धरला.

एकेक करत: ०.४५ सेकंदात जवळपास ७ अणू व्हॅक्युमनं, ४५० उचलींचे साडेचार, एकूण ११ च्या वर.
दोन फेऱ्या: ०.१३ सेकंदात फक्त २, पण प्रत्येक अणू दोनदा उचलला, ९०० चे १८०० उचली, १८ अणू गेले. एकूण २०.

म्हणजे तिप्पट वेगवान पद्धत जवळपास दुप्पट भोकं पाडते. बरोबरी कधी होते तेही काढलं, उचलीचं नुकसान साधारण ०.३५ टक्क्यांच्या खाली असेल तरच समांतरवाली जिंकते. आणि व्हॅक्युम जितका चांगला तितकी ती अजून मागे पडते, कारण तिचा फायदा सगळा वेळेतच आहे. ४ केल्विनच्या आसपास थंड केलेल्या चेंबरमध्ये ६००० सेकंदांचं आयुष्य दाखवलेलं आहे, तिथे तर व्हॅक्युमचं नुकसान धरायचीच गरज नाही आणि फक्त उचली उरतात.

मित्राला हा हिशोब पाठवला, त्याचं उत्तर आलं, "मग एकदाच उचल ना सगळे". बोलायला काय जातंय.

६ फेब्रुवारी

पण बोलला ते बरोबरच होतं.

मधल्या ३० × ३० मध्ये जे आधीच बसलेत त्यांना हातच लावायचा नाही. रिकाम्या ४५०, फक्त त्याच भरायच्या, प्रत्येक एकाच उचलीत. मधल्या ३० ओळींच्या डाव्या-उजव्या बाजूला प्रत्येकी १० कॉलम आहेत, तिथे एकूण ३०० अणू. वर आणि खाली मिळून आणखी ३००. कोपऱ्यांतले २०० विसरायचे. तर काही भोकं बाजूच्या अणूंनी भरायची, त्याच ओळीतून आडवं आणून, आणि उरलेली वर-खालच्या अणूंनी, त्याच कॉलममधून. ३० आडव्या बॅच, ३० उभ्या, एकूण ६०. प्रत्येक अणू एकदाच.

ठरवायचं एवढंच की कुठलं भोक ओळीनं भरायचं आणि कुठलं कॉलमनं. हा सरळ फ्लोचा प्रश्न निघाला, म्हणजे नळांच्या जाळ्यातून जास्तीत जास्त पाणी कसं न्यायचं तसला. प्रत्येक ओळीकडे सरासरी १० अणू द्यायला आहेत, प्रत्येक कॉलमकडे पण १०, आणि प्रत्येक भोक एका ओळीच्या आणि एका कॉलमच्या छेदावर आहे, दोघांपैकी कुणीतरी एकानं भरायचं. ३० ओळी, ३० कॉलम, ४५० भोकं, मॅक्स-फ्लो. छोटासा ग्राफ. हंगेरियनपेक्षा खूप हलकं, कारण अंतराचं ओझंच नाही. एकूण पुरवठा ६०० आणि मागणी ४५०, म्हणजे श्वास घ्यायला जागा आहे, पण खूप नाही, एखाद्या कोपऱ्यात दाटी झाली तर एकदोन भोकं राहतात आणि ती दुसऱ्या राउंडला जातात.

नेताना भरलेल्या जागांवरून जावं लागतं, तर तिथून जायचंच नाही. उभा टोन अर्ध्या घरानं सरकवायचा, अडीच मायक्रोमीटर, दोन ओळींच्या मधल्या गल्लीत यायचं, गल्लीतून आडवं जायचं, परत अर्धं घर आत. ट्वीझरची कंबर, म्हणजे बीम सगळ्यात बारीक असतो तिथली त्रिज्या, एक मायक्रोमीटरच्या आतली असते त्यामुळे शेजाऱ्यांना धक्का कमी. क्रम राखायचा नियम इथे पण आहेच, पण पहिला अणू पहिल्या भोकात, दुसरा दुसऱ्यात असं लावलं की आपोआप पाळला जातो.

नवीन हिशोब: साधारण ०.१ सेकंद, व्हॅक्युमनं दीड, उचलींनी साडेचार, एकूण ६. गल्लीच्या वळणांनी वेळ थोडा वाढेल तरी ११ आणि २० च्या पुढे ६ हा चांगला आकडा आहे. हाच प्लॅनर ठेवतोय.

११ फेब्रुवारी

प्लॅन मायक्रोसेकंदांत तयार होतो आणि मग पुढचं पाइप तुंबतं. एओडीला जो सिग्नल द्यायचा तो कोण बनवणार? सेकंदाला ५० कोटी सॅम्पल, दीड मिलिसेकंदाची मूव्ह म्हणजे साडेसात लाख सॅम्पल, आणि प्रत्येक सॅम्पलला जितके टोन तितके साइन फंक्शनचे हिशोब. आमच्या ६० बॅचमध्ये टोन कमी आहेत, बॅचला सात-आठ, तरी ३० कोटींच्या वर साइन होतात. २३ जानेवारीच्या पद्धतीत तर बॅचला तीसच्या घरात टोन होते, तिथे हाच आकडा १८० कोटींच्या आसपास जात होता.

अल्गोरिदमबद्दल बोलताना सगळे प्लॅनिंगचा वेळ सांगतात आणि हा भाग गाळतात, त्याची मला गंमत वाटते. जीपीयू खरा इथे लागतो, नाहीतर आधीच करून ठेवलेली लायब्ररी: कुठल्या कॉलमवरून कुठल्या कॉलमला, त्याचा सिग्नल मेमरीत तयार, वेळेवर फक्त बेरीज. २० बाजूच्या जागा गुणिले ३० मधल्या, ६०० जोड्या, प्रत्येकी दीड मेगाबाइट, ९०० मेगाबाइट. मावतं. तिसरा मार्ग म्हणजे हार्डवेअरमध्येच टोन तयार करणारं कार्ड किंवा एफपीजीए (हवं तसं जोडता येणारी चिप), त्याला टोनमागे फक्त सुरुवातीची फ्रिक्वेन्सी आणि ती कशी बदलायची एवढेच आकडे द्यायचे. कोट्यवधी साइनच्या जागी काही हजार आकडे. मित्राकडे तसं कार्ड येणार आहे, तोपर्यंत लायब्ररी.

१२ फेब्रुवारी

लायब्ररीत फेजचा, म्हणजे लाट कुठल्या टप्प्यावरून सुरू होते त्याचा, पण विचार करावा लागला. सगळे टोन एकाच फेजला सुरू केले तर मध्येच एक उंच शिखर येतं, ॲम्प्लिफायर तिथे चपटा होतो, आणि मग टोनांच्या मिश्रणातून नको त्या फ्रिक्वेन्सी जन्मतात. आमचे टोन समान अंतरावर असल्यामुळे ह्या नको त्या फ्रिक्वेन्सी बरोबर दुसऱ्या टोनांच्या जागेवरच पडतात, म्हणजे एखादा ट्वीझर विनाकारण उथळ होतो नि अणू सांडतो. फेज टोनच्या क्रमांकाच्या वर्गाच्या हिशोबानं पसरवली की शिखर बरंच बसतं. पण टोन सरकायला लागले की फेजचं नातं बदलत जातं, म्हणून शिखर फक्त सुरुवातीला बघून चालत नाही, पूर्ण मूव्हभर तपासायचं. लायब्ररीला तो चेक लावला.

अजून एक, क्रिस्टलमध्ये आवाज सेकंदाला साधारण ६५० मीटरनं जातो. लेझरचा बीम काही मिलिमीटर रुंद असतो, तो ओलांडायलाच १० मायक्रोसेकंद लागतात. फ्रिक्वेन्सी भराभर बदलत असताना बीमच्या एका कडेला जुनी आणि दुसऱ्या कडेला नवी फ्रिक्वेन्सी असते, त्यामुळे क्रिस्टल स्वतःच लेन्ससारखा वागतो आणि फोकस हलतो. वेग वाढवायला मर्यादा आहे ती इथेही आहे, नुसती अणूच्या तापण्याची नाही.

१८ फेब्रुवारी

दुसरा राउंड. पहिल्या राउंडनंतर परत फोटो, साधारण सहा भोकं. ती भरायला दोन पर्याय. एक, सरकून घ्या म्हटल्यावर बाकावरची माणसं सरकतात तसं, भोकापासून कडेपर्यंतचे सगळे अणू एकेक घर आत, आणि कडेला शिल्लक साठ्यातला एक. लहान मूव्ह, सरळ रेषा, पण सरासरी सात-आठ अणू उचलावे लागतात. दोन, साठ्यातला एकच अणू गल्लीतून थेट. ४ तारखेच्या हिशोबानंतर निवड करायला वेळ लागला नाही, गल्ली.

फोटो धरून हा राउंड ४० मिलिसेकंदांचा. तेवढ्यात व्हॅक्युममुळे जाणारे सरासरी ०.६, उचलींचे जेमतेम. म्हणजे ॲरे अगदी पूर्ण भरलेली मिळायची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. तिसरा राउंड केला तरी आकडा फारसा हलत नाही, कारण नवीन फोटो काढायलाच जो वेळ जातो त्यात नवीन भोकं पडतात. ६० सेकंदांच्या आयुष्यावर ९०० अणूंचा प्लॅनर इथून पुढे कितीही हुशार केला तरी उपयोग नाही. ६००० सेकंद घातले की हाच ०.६ चा ०.००६ होतो. सिम्युलेटरमध्ये आयुष्य बदलता येईल असा स्लायडर ठेवलाय, पाहुण्यांना दाखवायला बरा.

२३ फेब्रुवारी

एसएलएमवाल्या (स्पेशियल लाइट मॉड्युलेटर, लेझरला हवा तो आकार देणारा पडदा) मार्गाबद्दल विचारणा झाली म्हणून लिहून ठेवतो. तिथे एओडी नाही, होलोग्राम बदलून सगळे ट्रॅप एकाच वेळी हवे तिकडे थोडे थोडे सरकवायचे. भुतं नाहीत, क्रमाची सक्ती नाही, प्रत्येक अणू आपापल्या वाटेनं. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या ग्रुपनं २०२४ अणू ६० मिलिसेकंदांत असेच लावले, होलोग्राम न्यूरल नेटवर्ककडून काढून घेतले, आणि वेळ अणूंच्या संख्येवर अवलंबून राहत नाही हे त्यातलं महत्त्वाचं. न्यूरल नेटवर्क लागलं कारण होलोग्राम नेहमीच्या पद्धतीनं काढायचा तर परत परत फूरिये ट्रान्सफॉर्म करत बसावं लागतं, तेवढा वेळ नसतो, आणि दोन होलोग्रामच्या मध्ये ट्रॅपची फेज उडी मारते तेव्हा ट्रॅप क्षणभर विझल्यासारखा होतो, अणू तिथेच सुटतो. त्यामुळे जागा आणि फेज दोन्ही हळू बदलावे लागतात.

आमच्याकडचा एसएलएम स्थिर ट्रॅपपुरता आहे, वेगवान नाही, त्यामुळे आम्ही एओडीच. पण हजारोंच्या पुढे गेलं की मला वाटतं ओळ-कॉलमचा हिशोब मागे पडेल. कॅलटेकनं १२,००० जागांच्या ॲरेत ६१०० अणू धरून दाखवलेत, तेवढ्या कॉलमची टोन-बँडविड्थ एका एओडीत बसवणं अवघड आहे.

२६ फेब्रुवारी

ओळी जोडून बॅच कमी होतात का ते शेवटचं बघितलं. दोन ओळी एकत्र न्यायच्या तर दोघींचे उचलायचे कॉलम आणि उतरवायचे कॉलम असे जुळायला हवेत की भुतांच्या जागा दोन्ही टोकांना रिकाम्या असतील. आमच्या केसमध्ये बाजूच्या कॉलमांत निम्मे भरलेले आणि मधे पण निम्मे भरलेले, त्यामुळे जुळणाऱ्या जोड्या फार सापडत नाहीत, आणि शोधण्यात जो कोड वाढतो तो नंतर मलाच सांभाळायचा. सोडून दिलं. लोडिंग ८०-९० टक्के असेल तर भोकं विरळ होतात आणि मग याचा परत विचार करता येईल, तिथे उलट एका बॅचमध्ये बरंच काही मावेल.

प्लॅनर, लायब्ररी आणि दोन राउंडचा लूप रिपोमध्ये टाकलाय. मित्राचं कार्ड आलं की पहिली टेस्ट एका ओळीची, ७ टोन, गल्लीतून न्यायचं, आणि उचलीचं नुकसान प्रत्यक्षात किती येतं ते मोजायचं, कारण वरचा सगळा हिशोब त्या १ टक्क्यावर उभा आहे.